घोडनदीसुद्धा तुझीच

जुबेदा,

तुझ्या दारात चपला काढायला जागा नव्हती.

दौंडहून निघाले तेव्हा वाटलं होतं, जियारतीला तुझ्यासाठी दुवा मागायला घरची चार माणसं असतील, मी अब्बांजवळ बसेन, दोघं मिळून रडू. एसटीतून उतरून पेठेतून तुझ्या गल्लीत वळले, तर गल्लीच भरलेली. शाळेतल्या मुली दोन वेण्या घालून भिंतीला टेकून उभ्या. भाजीबाजारातल्या बायका. नदीकाठचे शेतकरी, डोक्याला पटके, डोळे लाल. जो तो आपलं सख्खं माणूस गेल्यासारखा. मला त्या क्षणी दुःख झालंच नाही, जुबेदा. मला हेवा वाटला. माझ्यामागे इतकी माणसं गोळा होणार नाहीत, हे मला तुझ्या उंबऱ्यावर उभं राहून लख्ख कळलं.

दारात एक बाई होती, हातात पाण्याची कळशी. मला आत वाट देईना.

"तुमी कोन?"

"मी तिची मैत्रीण."

"आमी समद्याच तिच्या मैत्रिनी हाय, बाई," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

तू असतीस तर हसून लोळली असतीस. मी मात्र आत जाऊन बसले ती त्या वाक्याचा काटा घेऊनच. समद्याच? अगं, पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्राच्या वर्गात आपण दोघीच मुली होतो. एक शिरूरची, एक दौंडची. पुढच्या बाकावर तू भिंतीकडे बसायचीस आणि मी वाटेकडे, म्हणजे मुलांची नजर आधी माझ्यावर अडावी. दगडाचे नमुने ओळखायच्या तासाला तू डोळे मिटून बोटं फिरवायचीस आणि नाव सांगायचीस. मी पुस्तकातली लक्षणं ओळीनं पाठ केलेली असायची. मार्क जवळपास सारखे पडायचे. पण सर तुझ्या टेबलापाशी जास्त वेळ थांबायचे, आणि ते का थांबतात हे मला पक्कं ठाऊक होतं. मला दगडाचं नाव यायचं, तुला दगड यायचा.

तुला बाप तसा मिळाला, हे मी तुझ्या तोंडावर कितीदा म्हणाले. अब्बा घोडनदीच्या काठाकाठानं शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करत हिंडायचे आणि तुला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. ते इंजिन खोलायचे तोवर तू पात्रात. तुला पुस्तकाच्या आधी नदी मिळाली. माझ्या घरापासून भीमा हाकेच्या अंतरावर, पण तिकडे पुरुष आंघोळीला जातात म्हणून मला बंदी. माझे वडील रेल्वेत गार्ड. भीमा मी पाहिली ती आगगाडीच्या पुलावरून, लोखंडी पट्ट्यांच्या फटींतून, तुकड्या-तुकड्यानं. असं म्हटलं की तू म्हणायचीस, "मग वरून नकाशा तुलाच चांगला दिसला असेल की!" तुझं हे असंच. कुणी हेवा करायला यावं तर त्याच्याच हातात काहीतरी देऊन मोकळी.

कुरकुंभच्या माळावर आपण पहिल्यांदा गेलो ते आठवतं? माझ्या वडिलांनी मोठ्या मुश्किलीनं परवानगी दिली होती आणि तीही दिवस मावळायच्या आत परत येण्याच्या बोलीवर. माळावर तो गोल काळा दगड होता, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला. ऊन, पाणी, थंडी यांनी खडक कसा कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, हे सगळं मी तुला घडाघडा बोलून दाखवलं. तू खाली बसलीस आणि नखानं एकेक पापुद्रा सोलत राहिलीस. आतला टणक गाभा लागल्यावर माझ्याकडे बघून म्हणालीस, "सुमे, याला अजून माती व्हायचंय. बिचारा." मला तुझा राग आला होता. तास-दोन तास उन्हात बोलून मी जे सांगितलं, त्यापेक्षा त्या 'बिचारा'त जास्त होतं.

आणि मग तो उन्हाळा. शेवटच्या वर्षाआधीची सुट्टी. मुलांना सर कोकणात मुक्कामी नेणार होते, आपल्याला नेता येत नव्हतं. तू म्हणालीस, आपली नदी आपल्या घरापाशी आहे, शिरूरपासून घोड धरायची आणि ती भीमेला मिळते तिथपर्यंत चालत जायचं, काठाचे थर बघत. सरांनी हो म्हटलं. माझ्या घरी महाभारत झालं. शेवटी अब्बा स्वतः दौंडला येऊन माझ्या वडिलांशी बोलले. काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. वडिलांनी मला फक्त एवढंच विचारलं, "पायात घालायला धड काही आहे का?"

मुक्कामाची सगळी घरं तुझी. ज्याचं इंजिन अब्बांनी दुरुस्त केलं त्याच्या ओसरीवर आपलं अंथरूण. "आलीस व्हय गं पोरी," म्हणून म्हाताऱ्या तुझ्या गालावरून हात फिरवायच्या, तुझ्यासाठी चुलीवरून उतरलेली पहिली भाकरी. मग माझ्याकडे बघून विचारायच्या, "आन् ही कोन?" कुणीतरी सांगायचं, "ही तिच्यासंगं हाय." त्या सबंध वाटेत मला नावच नव्हतं. मी 'तिच्यासंगं'.

पण काय दिवस होते ते. नदी अर्धी वाळलेली. दोन्ही बाजूंना पिवळट मातीचे उंच कडे, इतके उंच की वरचा बाभळीचा झाडोरा खेळण्यातला वाटावा. तळाशी चुन्यानं एकमेकांना घट्ट चिकटलेले गोलगोटे, त्यावर वाळू, त्यावर गाळ, गाळात चुनखडीचे खडे, अगदी वर हातभर काळी माती. तू कड्याला गाल लावून उभी राहायचीस. मला वाटायचं, हिला आतलं ऐकूही येतं की काय.

आणि मग ती भेग. तिच्याबद्दल मला आज लिहायचंच आहे.

आपण वरच्या बाजूनं, शेताच्या कडेनं चाललो होतो. मी पुढे, तू मागे. कड्याच्या अगदी टोकाशी एका शेतकऱ्याची इंजिनाची खोप होती. सगळे त्याला आबा म्हणत. खोपीतून नळ खाली डोहात सोडलेला. त्या खोपीच्या अलीकडे जमिनीत एक भेग होती. मला ती दिसली. मी तिच्यावरून पाय टाकून पुढे गेले. मागे तू थांबलीस.

तू पालथी पडून कड्यावरून खाली डोकावलीस, मी तुझे पाय धरले. उठलीस तेव्हा तुझा चेहरा बदललेला होता.

"आबा, ही भेग कधीपासून आहे?"

आबा हसले. "उन्हाळा हाय, पोरी. काळी माती उन्हाळ्यात फाटतीच की. तू शिकलेली ना?"

मीही हसले. कारण मला ते येत होतं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, तिला भेगा पडतात. मी तुला तसं सांगितलंसुद्धा.

"त्या भेगा जाळीसारख्या चारी बाजूंना जातात, सुमे," तू म्हणालीस. "ही बघ. एकटी आहे. कड्याला धरून सरळ चाललीय. आणि नदीकडची बाजू बोटभर खाली बसलीय. खालून नदीनं पोखरलंय, मी बघितलं. आबा, खोप मागं घ्या. रात्री इथं कोण झोपतं?"

"माझा थोरला. इंजिन राखायला."

"त्याला आजपासून इथं झोपवू नका."

"आगं पन कवा पडंल ह्यो कडा? आज? उंद्या?"

"ते सांगता येत नाही. आज पडेल, नाहीतर चार वर्षांनी."

"मग चार वर्सांनी बघू की!" म्हणून आबा पुन्हा हसले, आणि चहा पाजून आपल्याला वाटेला लावलं.

कडा त्या दिवशी पडला नाही. आपण परत आलो तेव्हाही जागच्या जागी होता. मला बरं वाटलं होतं, जुबेदा. सगळ्या वाटेवर तुझंच सगळं खरं, एखादी गोष्ट तरी तुझी चुकावी. पण तू गप्प बसणारी नव्हतीस. पुन्हा पुन्हा गेलीस, अब्बांना घेऊन, एकदा भर उन्हात एकटी सायकल हाकत. शेवटी आबा वैतागून अब्बांना म्हणाले म्हणे, "चाचा, तुमच्या पोरीपायी खोप हलवतो, कड्यापायी न्हाई." पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी खोप बांधापाशी नेली.

त्याच पावसाळ्यात पूर ओसरताना कडा गेला. खोपीची जुनी जागा, बाभळी, नळाचे तुकडे, सगळं घेऊन गेला. आबांचा थोरला मागे नव्या खोपीत झोपलेला होता. आवाजानं जागा झाला एवढंच.

तू ते सांगायला दौंडला आलीस. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. माझ्या आईनं पोह्यांची बशी तुझ्या हातात दिली, तू ती खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "सुमे, कडा पडला, पण काय सुंदर पडला गं! आतले थर एकदम ताजे उघडे झालेत. चल ना बघायला."

'मी म्हटलं नव्हतं का?' असं तू म्हणालीच नाहीस. तुझ्या मनातही नव्हतं ते. मी तुझ्या चेहऱ्यावर शोधलं. विजयाचा एक कण जरी सापडला असता तरी मला तुझ्यावर रागावता आलं असतं. माझ्या डोळ्यांना आधी दिसलेली भेग तुझी झाली, त्या मुलाचा जीव तुझा झाला, आणि तुला त्यातलं काहीच नको होतं. तुला थर बघायचे होते. एवढ्या श्रीमंतीचा हेवा कसा करायचा तेही कळेना, तरी मी केला.

गेलो बघायला. त्या ताज्या कड्यासमोरच आपलं भांडण सुरू झालं, ते आजपर्यंत.

प्रश्न तूच काढलास. नदीनं आधी इतकी माती इथं आणून टाकली, खोरं भरलं. आणि मग तीच नदी तीच माती इतकी खोल कापत खाली का गेली? टाकायचीच होती तर कापली का?

तू म्हणालीस, पाऊस बदलला. कधीकाळी इथं फार कोरडं होतं, नदीत जोर नव्हता, आणलेला गाळ तिला पुढे नेता येईना, तो साचत गेला. गाळातले चुनखडीचे खडे त्याच कोरड्या काळाची खूण. पुढे पाऊस वाढला, नदीला बळ आलं, तिनं कापायला सुरुवात केली.

मी म्हणाले, जमीन उचलली जातेय. हळू, आपल्याला कळणार नाही इतकी हळू. उतार वाढला की नदी खाली कापणारच. नुसता पावसाचा जोर असता तर ती मऊ माती कापून थांबली असती. मग घोडेलाच मिळणारी कुकडी निघोजला अख्ख्या काळ्या खडकात घुसून रांजणखळगे कशी कोरत बसलीय? त्या एवढ्याशा गोट्यांना गरगर फिरवून खडकाला रांजणाएवढी भोकं पाडायला ती थांबलीच नाही कुठं.

तू टाळी वाजवलीस. "हे चांगलंय! पण खरं नाही."

आपली लग्नं-नोकऱ्या त्या भांडणाच्या आजूबाजूनं झाल्या. म्हणजे लग्न माझं, भांडगावच्या घरात. तू केलं नाहीस. तू शिरूरला शाळेत शिकवायला लागलीस, मी दौंडला. पुढे शिकायचं दोघींचंही राहिलं. पण सरांनी पुण्यातल्या एका व्याख्यानात काठांच्या थरांबद्दल बोलताना "आमच्या जुबेदाचं म्हणणं" असा उल्लेख केला. मी समोरच्या रांगेत होते. नंतर त्यांना माझं म्हणणं सांगितलं तर म्हणाले, "धाडसी आहे." लहान मुलाचं गाणं ऐकून म्हणतात ना 'छान', तसं.

घरीही तेच. तू भांडगावला यायचीस, विहिरीत उतरून काळ्या खडकांच्या मधला तांबडा पट्टा सासूबाईंना दाखवायचीस, एका लाव्ह्यानंतर दुसरा लाव्हा यायच्या आधी जी माती तयार झाली होती ती कशी भाजून निघाली ते सांगायचीस. सासूबाई तो पट्टा रोज बघत होत्या. मी तीच गोष्ट त्यांना तुझ्याआधी सांगितली होती. पण तू गेल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "तिची मैतरीन लई हुशार हाय. आमच्या हिरीत आग लागली व्हती म्हनं!" आणि मला म्हणाल्या, "बोलाव गं तिला पुन्यांदा." माझ्या सासूनं माझ्याकडे कधी काही मागितलं असेल तर तू.

मी तुझ्यावर जळत होते आणि तुझ्याशिवाय मला कुठं काही बघता येत नव्हतं. दोन्ही एकदमच. तुझ्याशी भांडायचं म्हणून मी वाचत राहिले. नाहीतर भाकऱ्या, शाळा, पोरं यांत माझी भूशास्त्राची पदवी ट्रंकेत तळाशी गेली असती. कड्याकडे मी जायचे ती तुला खोटं पाडायला पुरावा शोधायला. चिंचणीला धरण झालं आणि आपण चाललो त्यातला बराच काठ पाण्याखाली गेला, तेव्हा तू रडलीस. मी नाही रडले. मला वाटलं, बरं झालं, आता तुझाही पुरावा गेला. दुसऱ्याच दिवशी शाळा बुडवून मी उरलेला काठ बघायला गेले.

शेवटची भेट. कावीळ इतकी वाढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तू खाटेवर, डोळे हळदीसारखे, उसाचा रस नको म्हणून तोंड फिरवलेलं. मी काहीतरी आजारपणाचंच बोलायला लागले, तर म्हणालीस, "ते राहू दे. सुमे, तू म्हणतेस जमीन उचलली जाते. मग उचलतं कोण?"

मला उत्तर येत होतं. मोठ्या मुश्किलीनं सुचलं होतं, आणि मला ते ऐटीत सांगायचं होतं, कड्यासमोर उभं राहून, तुझा चेहरा बघत. इतक्यात अब्बा औषध घेऊन आत आले. मी म्हणाले, "पुढच्या खेपेला सांगते. आधी बरी हो."

ते आता सांगते. ऐक. नावेतून धान्याची पोती उतरवली की नाव वर येते, येते ना? तसंच. इतक्या पावसाळ्यांत नद्यांनी सह्याद्री झिजवला, इतकी माती वाहून समुद्रात नेली. ओझं कमी झालं, जमीन वर आली. जमीन वर आली म्हणून नदी आणखी कापते. म्हणजे उचलणारी दुसरी-तिसरी कुणी नाही, नदीच. तुझी नदी, जुबेदा, पण माझ्या बाजूनं.

बोल की आता. "हे चांगलंय, पण खरं नाही," म्हण. म्हण ना. या उत्तरातली चूक तुझ्याशिवाय कुणाला सापडणार? सगळे नुसत्या माना डोलावतील. तू एकटीच मला इतकं शहाणं समजत होतीस की माझं म्हणणं खोडून काढावं.

जियारत आटोपल्यावर अब्बा मला एसटीपर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. एका आठवड्यात खूप वाकलेत ते. ओळखीचे लोक वाटेत थांबत होते, तुझं नाव काढत होते. अब्बा प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत होते. स्टँडवर मला बाकावर बसवलं, स्वतः उभे राहिले.

"सुमन बेटा, एक इचारू?"

"विचारा ना, अब्बा."

"तुमच्या दोघींचं त्ये नदीचं भांडान. जुबेदा घरी येऊन समदं सांगायची. सुमन आसं म्हनली, मी आसं म्हनले. जेवताना त्येच. मला काय समजत न्हाई त्यातलं. पन शेवटी कोन जितलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, ते केव्हाच संपलं असावं. ते वाट बघत होते, कॉलेजच्या निकालाच्या दिवशी फाटकापाशी उभे राहून बघत होते तशी.

"जुबेदा," मी म्हणाले. "तीच जिंकली, अब्बा. तिचंच खरं निघालं."

त्यांनी मान हलवली. मग वळून, खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मला वाटलंच व्हतं." आणि हसले, जुबेदा. तू गेल्यापासून पहिल्यांदाच असेल.

एसटी सुटली. पूल ओलांडताना खाली नदी दिसली आणि मला तुझा असा संताप आला की शेजारची बाई सरकून बसली. जिवंतपणी तर सगळं तुझं होतंच, आणि आता मेल्यावर माझ्याच तोंडून माझं भांडणही जिंकून घेतलंस! वाटलं, घंटी ओढावी, उतरावं, मागे पळत जावं. पण अब्बा तोपर्यंत गल्लीत शिरले असते. आणि ते हसू मी त्यांच्याकडून परत मागणार होते का?

म्हणून हे तुला लिहिते आहे. स्टँडवर मी जे बोलले ते अब्बांसाठी होतं, तुझ्यासाठी नाही. तू मनावर घेऊ नकोस, आणि तिकडे कुणाला सांगत फिरू नकोस.

अजून काही ठरलेलं नाही.

तुझी,
सुमन